उंबरठ्यावरील हात

शास्ते ह्या पुस्तकाचा 19 वा अध्याय आमच्या मंडळ्यांत क्वचितच वाचतात. एका लेव्याची उपपत्नी त्याचे घर सोडून बेथलेहेमास बापाकडे जाऊन राहिली. चार महिन्यांनी तो तिची समजूत घालून परत नेण्यास आला. बापास आनंद झाला. जावयाचा पाहुणचार पाचव्या दिवसापर्यंत चालला. पण त्या दिवसांत तिला कोणी काही विचारले, असे एक अक्षरही तेथे नाही. मग ती त्याच्याबरोबर निघाली. त्याच रात्री गिबा येथे त्याने तिला दुष्टांच्या हाती बाहेर काढून दिले. उजाडले तेव्हा ती दारात पडलेली होती, हात उंबरठ्यावर.

प्रिय बंधुभगिनींनो, भोर व वेल्हे येथील डोंगरी गावांत हा पाहुणचार आम्ही पाहिला आहे. मार खाऊन लेक माहेरी येते. मागाहून जावई येतो, कोंबडे कापतात, उपदेशकास प्रार्थनेस बोलावतात, आणि "आता नीट नांद" म्हणून तीस एस.टी.त बसवितात. अशा जेवणास आम्हीही बसलो आहो. लिहिताना लाज वाटते. समेट करविणे हे ख्रिस्ताचे काम खरे. पण मारणाऱ्याने पश्चात्ताप केला नाही, तर तो समेट कोणाचा?

"दुसऱ्याच्या घरात कसे पडावे?" असे उपदेशक म्हणतात. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याप्रमाणे कोणीही मनुष्य संरक्षण अधिकाऱ्यास खबर देऊ शकतो. शुद्ध हेतूने दिल्यास त्याजवर ठपका येत नाही. घर नवऱ्याच्या नावे असले तरी तिला त्यात राहण्याचा हक्क आहे. मिळकत कितीही असो, स्त्रीस सरकारी खर्चाने वकील मिळतो. भोरच्या न्यायालयात चौकशी करावी. फोन 181, जीवावर बेतल्यास 112.

परंतु शेवटची एस.टी. गेल्यावर वाडीतली बाई कोठे जाईल? पंडिता रमाबाईंनी केडगावास शेकडो निराधार स्त्रियांस आसरा दिला. आपल्यापाशी तेवढे घर नाही. भाकरी व चटई आहे. तीस आधी जेवू घालावे, मग नवरा व सासू जवळ नसता, एखाद्या वडील बाईने तिचे म्हणणे ऐकावे. रात्री तिने कोणाकडे राहावे, हे प्रत्येक मंडळीच्या पंचांनी ह्याच आठवड्यात ठरवावे, आणि त्या घराचे नाव उपासनेत वाचून दाखवू नये.