गच्चीवरचे दोन तास

एक्सेलच्या शीटमध्ये एखादी ओळ लाल झाली की मला फोन करावा लागतो. मी ऑनलाइन एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्यांना शिकवते, आणि त्यांतल्या तीसेक जणांची ‘मेंटॉर’ही आहे. सलग तीन लेक्चर्सना कुणी आलं नाही, असाइनमेंट आली नाही, की ओळ लाल होते. मग दर महिन्याच्या बैठकीत एकच प्रश्न असतो: “गळती किती?”

हा शब्द मला आधी खटकायचा नाही. आता खटकतो. छप्पर गळतं तेव्हा आपण पाण्याला दोष देत नाही, पत्रा तपासतो. आमच्या बैठकीत मात्र सगळी चर्चा पाण्याचीच होते. विद्यार्थी सिरियस नाहीत, कॅमेरा बंद ठेवतात, झोपून लेक्चर ऐकतात. पत्र्याकडे कुणी बघत नाही. मीही बघत नव्हते. एका फोनपर्यंत.

ती आशा ताई होती. वय चौतीस. लग्नानंतर बाहेरून बीए केलेलं. पहिल्या ओळखीच्या तासाला सगळे जण “मला समाजसेवेची आवड आहे” असं सांगत होते, तेव्हा ती म्हणाली होती, “मॅडम, मी बारा वर्षं हेच काम करते. त्याला काय म्हणतात ते शिकायचंय.” मला ती तेव्हाच आवडली. पहिल्या सत्रात तिच्या असाइनमेंटमध्ये इंग्रजी शब्दांची स्पेलिंग चुकलेली असायची आणि माणसांबद्दलचं निरीक्षण अचूक असायचं. दुसऱ्या सत्रात ती यायची बंद झाली.

मी मेसेज केले. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. फोन केले, उचलले नाहीत. महिनाअखेर जवळ आली होती. प्रवेश अर्जात ‘पर्यायी संपर्क’ असा एक रकाना असतो, त्यात तिच्या दिराचा नंबर होता. मी तो लावला. आवाजात शक्य तितकी काळजी आणून म्हणाले, “त्या दोन महिने क्लासला नाहीत, सगळं ठीक आहे ना?”

पलीकडे क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग तो म्हणाला, “पण वहिनी तर रोज सात ते नऊ क्लासला बसते. वर गच्चीवर. खाली रेंज नसते म्हणून.”

ती गच्चीवर जात होती, कानात हेडफोन घालून. क्लास मात्र करत नव्हती. नुसती बसत होती. हे मला नंतर तिनेच सांगितलं, तीन आठवड्यांनी, एका शेजारणीच्या फोनवरून. “मॅडम, लग्नाला पंधरा वर्षं झाली. संध्याकाळी सात ते नऊ मला कुणी हाक मारत नाही असं पहिल्यांदाच झालं होतं. क्लास सुटला तरी ते सोडवेना.” मग थोडं थांबून म्हणाली, “आता वर जाता येत नाही.”

मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, “तुमचं काय चुकलं, तुम्ही काळजीनंच केला फोन.” हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण मी काळजीने फोन केला होता हे खरं आहे, आणि महिनाअखेरीमुळे केला होता हेही खरं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच फोनमध्ये होत्या. त्यांतली कोणती जास्त होती, हे मला आजही प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

यात एक लाजिरवाणी गोष्ट आहे. अमेरिकन जेझुइट धर्मगुरू आणि प्राध्यापक फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ साली ‘द केसवर्क रिलेशनशिप’ या पुस्तकात समाजकार्यातल्या नात्याची सात तत्त्वं मांडली. ती मी दर वर्षी शिकवते. माणसाला आहे तसा स्वीकारणं, त्याचा न्यायनिवाडा न करणं, त्याचा स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्क मानणं, त्याची गोष्ट त्याच्यापाशीच ठेवणं, वगैरे. शेवटच्या तत्त्वाला आम्ही गोपनीयता म्हणतो. त्या सत्रात मी हे लेक्चर घेतलं होतं, आणि त्याच सत्रात तिच्या दिराला फोन केला होता. समोर ‘क्लायंट’ असती तर मी असं केलं नसतं. विद्यार्थिनी होती, म्हणून तत्त्वं लागू होतात हे सुचलंच नाही.

मग काय करायला हवं होतं? सोपं उत्तर असं की सोडून द्यायचं. ती सज्ञान आहे, तिला शिकायचं नाही, तिचा निर्णय. माझे काही सहकारी हेच म्हणतात आणि त्यात स्वयंनिर्णयाचं तत्त्वही छान बसतं. काही दिवस मलाही हे पटलं. पण मग मी तिला विचारलं, की मुळात का सोडलंस?

कारण फील्डवर्क होतं. आमच्या नियमाप्रमाणे तिला आठवड्यातून दोन दिवस मान्यताप्राप्त संस्थेत जायचं होतं. जवळची संस्था चाळीस किलोमीटरवर, एसटी दिवसातून मोजक्या. आशाला नोकरीसारखा पगार नसतो, उत्पन्नाचा काही भाग कामागणिक मोबदल्यावर चालतो. दोन दिवस गेले की पैसे गेले. आणि तिथे जाऊन करायचं काय, तर गृहभेटी. म्हणजे जे काम ती तिच्या वस्तीत बारा वर्षं करत होती तेच, दुसऱ्याच्या वस्तीत, फुकट.

आता सांगा, हा ‘तिचा निर्णय’ होता का? आपण रस्ता बंद करायचा आणि समोरचा माणूस परत फिरला की म्हणायचं, त्याच्या निवडीचा आदर करतो. हा आदर फार स्वस्त आहे. यात आपल्याला काहीच बदलावं लागत नाही.

विन्सेंट टिंटो या अमेरिकन अभ्यासकाने १९७५ साली विद्यार्थी कॉलेज का सोडतात याची एक मांडणी केली, जी अजूनही या विषयात सगळीकडे भेटते. त्यासाठी त्याने आधार घेतला एमिल दुर्खीमच्या आत्महत्येवरच्या १८९७ सालच्या ग्रंथाचा. जोडलेपण विरलं की माणूस निसटतो, हे त्यातलं सूत्र. विद्यार्थी अभ्यासात आणि कॉलेजातल्या माणसांत गुंतला की टिकतो. म्हणून आम्ही व्हॉट्सॲप ग्रुप काढतो, वाढदिवसाला केकची इमोजी टाकतो, ऑनलाइन अंताक्षरी घेतो. ते वाईट नाही. पण ही कल्पना सुचली ती घर सोडून कॅम्पसवर येणाऱ्या मुलांकडे बघून. ऑनलाइन शिकणारी बाई घर सोडत नाही. तिच्या वर्गाच्या एका भिंतीमागे कुकरची शिट्टी होत असते. तिचं जोडलेपण कमी पडत नाही, ते जास्तच आहे, आणि ते सगळं दुसऱ्या दिशेला ओढतं. तिला आणखी एक ग्रुप नको असतो. तिला वेळ हवा असतो, आणि तो वेळ तिचा आहे हे घरात कुणीतरी मान्य केलेलं हवं असतं. आमच्या अभ्यासक्रमाने तिला ते नकळत दिलं होतं. तेवढंच दिलं होतं. आणि तेही मीच काढून घेतलं.

याचा अर्थ सगळ्यांना कसंही करून पास करत राहावं असा नाही. समाजकार्याच्या वर्गात आणखी एक माणूस नेहमी गैरहजर बसलेला असतो. उद्या या विद्यार्थ्यासमोर मार खाऊन आलेली बाई बसेल, दारू सोडू बघणारा माणूस बसेल. त्यांना कच्चा समाजसेवक परवडणारा नाही. फील्डवर्क ढिलं करून आकडा सुधारला तर किंमत ते मोजतील. पण नियम ढिला करणं आणि नियमाचा हेतू ओळखून वाट काढणं यांत फरक आहे. अमेरिकेत एमएसडब्ल्यूसाठी किमान ९०० तास फील्डवर्क लागतं. तरीही तिथल्या मान्यता देणाऱ्या संस्थेने नोकरीच्या ठिकाणी, अटी घालून, ते तास करायला जागा ठेवली आहे. तास कमी होत नाहीत, चाळीस किलोमीटर कमी होतात. तिच्याच वस्तीत, नव्या जबाबदारीवर, बाहेरच्या पर्यवेक्षकाच्या नजरेखाली तिचं फील्डवर्क झालं असतं, तर ती जास्तच शिकली असती असं मला वाटतं.

लोणचं टिकवतात, भिंत टिकवतात. माणूस टिकवायचा म्हणजे काय, याचा मी बराच विचार केला. मला एक साधी कसोटी सापडली. “कधी येताय?” असं विचारलं की मी तिला माझ्याकडे ओढत असते. “काय आडवं येतंय?” असं विचारलं की मला उत्तर ऐकून घ्यावं लागतं, आणि ते उत्तर आमच्या वेळापत्रकाबद्दल असलं तर वेळापत्रक घेऊन भांडावं लागतं. दुसरा प्रश्न विचारण्याचा हक्क तेव्हाच आहे, जेव्हा “नाही जमणार” हे उत्तरही मी ऐकायला तयार असते. आणि आपली बाजू जराही हलवायची तयारी नसेल, तर फोन न केलेला बरा.

बैठकीत मी फील्डवर्कचा मुद्दा मांडला. “प्रस्ताव द्या,” असं उत्तर मिळालं. दिला. अजून काही झालेलं नाही. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून एक वर्षानंतर पदविका घेऊन थांबायची, नंतर परत यायची तरतूद आता यूजीसीने मांडली आहे. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “बघू मॅडम. आधी वर्ष तर पूर्ण व्हायला पाहिजे.”

माझ्या हातात होतं तेवढं एक केलं. माझ्या तीस जणांच्या फॉर्ममध्ये ‘पर्यायी संपर्क’च्या खाली एक रकाना वाढवला: ‘कुणाला फोन करू नये?’ मला वाटलं होतं, सगळे रिकामा सोडतील. अकरा जणांनी भरला. कुणी ‘वडील’ लिहिलं, कुणी ‘ऑफिस’, एकाने ‘बायको’. एका मुलीने लिहिलं, ‘घरी कुणालाच नको. मला मात्र करा. मी उचलला नाही तरी करत राहा.’