एक किलोमीटर म्हणजे किती?

शिक्षण हक्क कायद्याखाली महाराष्ट्राने 2011 मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा शक्यतो वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. नियम वाचताना अंतर ही निर्विवाद गोष्ट वाटते. संगणकावर नकाशा उघडून ते मोजायला बसले की मात्र पहिलाच प्रश्न अडवतो: मोजायचे कसे? सर्वांत सोपी रीत म्हणजे शाळेच्या बिंदूभोवती एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे आणि त्यात पडलेल्या वस्त्यांची सोय झाली असे धरायचे. क्यूजीआयएससारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये हे काही क्षणांत होते. दुसरी रीत रस्ते आणि पायवाटा यांच्या जाळ्यावरून मोजण्याची. तिसऱ्या रीतीत चढउतार, ओढे, पावसाळ्यात बंद होणाऱ्या वाटा हे सारे जमेस धरून अंतराऐवजी वेळ काढतात. तिन्ही रीती शास्त्रात मान्य आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगळी येतात. माझे म्हणणे असे की शाळा कुठे हवी याचा निम्मा निर्णय मोजण्याची रीत निवडतानाच होऊन जातो, आणि ही निवड तांत्रिक समजून संगणक चालवणाऱ्यावर सोपवणे चूक आहे.

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यात, कोयनेच्या जलाशयाकाठी खिरखंडी हे गाव आहे. तिथल्या मुली स्वतः होडी वल्हवत पलीकडच्या काठाला जात आणि तिथून जंगलातली वाट तुडवत शाळा गाठत. जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. वर्तुळाच्या नकाशात असे पाणी म्हणजे नुसती निळी छटा असते. त्रिज्येची रेघ त्यावरून सरळ निघून जाते. सह्याद्रीत डोंगराच्या दोन अंगांना वसलेल्या वाड्यांचेही तेच. नकाशावर त्या शेजारी, पायांना मात्र मध्ये अख्खी खिंड. यासाठी साधने नाहीत असे म्हणता येणार नाही. उंचसखलपणाची तीस मीटर बारकाव्याची उपग्रहमाहिती जगभर विनामूल्य मिळते. उतारानुसार चालण्याचा वेग किती बदलतो याचे सूत्र भूगोलज्ञ वॉल्डो टोबलर यांनी 1993 मध्येच मांडले. अर्थात तेही सूत्र सहा वर्षांच्या मुलाची चाल धरून बनलेले नाही, म्हणून त्यातून निघणारा वेळही वाढवूनच घ्यायला हवा. केंद्राच्या 2010 च्या नियमांत तर दुर्गम भूभाग, दरडी, पूर आणि रस्त्यांचा अभाव असेल तिथे अंतराची मर्यादा कमी करून शाळा द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. वर्तुळ काढणारा नकाशा ही तरतूद पाळूच शकत नाही, कारण दरड आणि पूर त्याला दिसतच नाहीत. त्यात जनगणनेचे आकडे महसुली गावाचे. पाडे, वाड्या आणि तांडे त्या एका आकड्यात विरघळून जातात, आणि गावठाणावर टाकलेला एक बिंदू साऱ्या गावाचा पत्ता ठरतो.

मोजमाप अचूक झाले तरी दुसरा, मला अधिक महत्त्वाचा वाटणारा प्रश्न उरतो. संगणकाला आपण नेमके काय साधायला सांगतो? सोयींच्या जागा ठरवण्याच्या गणितात दोन जुनी सूत्रे आहेत. 1964 मध्ये संशोधक हकीमी यांनी दोन्हींची मांडणी केली. एका सूत्रात सर्वांच्या चालण्याची बेरीज कमीत कमी करायची, दुसऱ्यात सर्वांत लांबच्या माणसाचे अंतर कमीत कमी करायचे. कल्पना करा, गावठाणात 180 मुले आहेत आणि अडीच किलोमीटरवरच्या पाड्यात 22. शाळा एकच द्यायची असेल तर पहिले सूत्र ती डोळे झाकून गावठाणात ठेवील, आणि अहवालात सरासरी अंतर पावणेतीनशे मीटरच्या आत येईल. कोणत्याही अधिकाऱ्याला समाधान वाटावे असा हा आकडा आहे. ती 22 मुले मात्र रोज पाच किलोमीटर चालतील. दुसरे सूत्र शाळा दोहोंच्या मध्ये, रानात नेऊन ठेवील, आणि तेही शहाणपणाचे नाही. पण निदान एका शाळेने भागत नाही हे ते लपवत नाही. सरासरी ते लपवते. शिक्षण हा हक्क असेल तर तो एकेका मुलाचा असतो, सरासरीचा नव्हे. म्हणून नियोजनाच्या नकाशावर पहिला ठळक आकडा मर्यादेबाहेर राहिलेल्या मुलांचा हवा.

अंतराला इतके महत्त्व का द्यायचे? अफगाणिस्तानच्या घोर प्रांतातील खेड्यांचा 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याचे बोलके उत्तर देतो. काही गावांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून गावातच शाळा दिली गेली. शाळा जितकी लांब तितकी हजेरीपटावरची मुले कमी. दर मैलामागे मुलींत शंभरांत 19 आणि मुलांत 13 इतकी घट. शाळा गावात आली तेव्हा नोंदणीतली मुलगे आणि मुली यांच्यातली दरी जवळजवळ बुजली. प्रदेश वेगळा, परिस्थिती वेगळी, हे मान्य. पण अंतराचा भार मुलीवर अधिक पडतो हे आपल्याकडेही सांगावे लागू नये.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप लहान शाळांचा आहे. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे 14,783 शाळा असल्याची आकडेवारी 2023 मध्ये पुढे आली, आणि पानशेत व तोरणमाळच्या धर्तीवर अशा शाळा एकत्र आणून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव मांडला गेला. चार इयत्तांना एक शिक्षक, खेळायला सवंगडी नाहीत, प्रयोगाला साहित्य नाही. ही दुःखे खरी आहेत आणि 'शाळा वाचवा' म्हणणाऱ्यांनी ती नाकारू नयेत. वाहन दिले तर प्रश्न सुटतो, असे यावर सांगितले जाते. बिहारने 2006 पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे तिसऱ्या हिश्श्याने वाढले, आणि हा लाभ मुख्यतः जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब होती तिथे झाला. मोठ्या मुलींसाठी हा पुरावा भक्कम आहे. पण सात वर्षांच्या मुलाला सायकल देऊन घाट चढता येत नाही, आणि एसटी पावसात बंद पडली की समूह शाळेची कल्पनाही त्या दिवसापुरती बंद पडते. तेव्हा समायोजन करायचेच असेल तर आधी पावसाळ्यातल्या वाटेचा वेळ मोजावा, वाहन प्रत्यक्ष सुरू करावे, आणि मगच जुन्या शाळेला कुलूप लावावे. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची, धरणाने आधीच विस्थापित केलेली मुले 2022 मध्ये शाळा बंद झाल्यावर शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली होती. हा क्रम उलटला की काय होते ते त्यांनी दाखवून दिले.

दुसरा आक्षेप असा की नकाशा लोकांपुढे ठेवला तर जो तो आपल्याच वाडीत शाळा मागेल, आणि वशिल्याची जी खोड संगणकाने मोडायची ती मागच्या दाराने परत येईल. भीती अगदीच निराधार नाही. मात्र शाळा कुठे द्यायची यावर मत मागणे आणि नकाशातली वस्तुस्थिती तपासायला लावणे यात फरक आहे. हा ओढा आषाढात उतरता येतो का, ही वाट शेताच्या बांधावरून जाते की मालकाने कुंपण घातले आहे, पाड्यात सहा वर्षांवरची मुले किती, ऊसतोडीला घरे किती महिने रिकामी असतात. या प्रश्नांची उत्तरे खरी किंवा खोटी ठरवता येतात, आणि ती उपग्रहाला ठाऊक नसतात. वशिला टिकतो तो अंधारात. सर्व वस्त्यांची अंतरे एकाच भिंतीवर टांगलेली असली तर एखाद्या पुढाऱ्याच्या वाडीला दुसरी शाळा का मिळाली, हे शेजारचा पाडा विचारू शकतो. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 21 व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समित्या दिल्या, त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले, आणि 22 व्या कलमाने शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. त्या आराखड्याचे पहिले पान तालुक्याहून छापून आलेल्या नकाशाचे असू शकते, आणि मुलीला रोज शाळेच्या वाटेला लावणारी आई त्यावर पेन्सिलीने ओढा कुठे भरतो ते दाखवू शकते.