लहान गोष्टींतील विश्वासूपणा

शास्त्रवाचन : लूक १६:१-१३, याकोब २:१-९



बास्केटबॉलचा खेळ ख्रिस्ती सेवेच्या अंगणात जन्मला, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने फळांच्या दोन टोपल्या उंचावर ठोकून हा खेळ सुरू केला. नेस्मिथ ईश्वरविज्ञान शिकलेला होता. आपल्या देशातही हा खेळ वाय.एम.सी.ए.च्याच द्वारे आला. तेव्हा या पानावर एका बास्केटबॉल प्रशिक्षकाचे चरित्र उघडले, तर ते विषयांतर मानू नये.

जॉन वुडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० रोजी इंडियाना राज्यात झाला. घर शेतकऱ्याचे. वडील जोशुआ रात्री दिव्याच्या उजेडात मुलांना पवित्र शास्त्र वाचून दाखवीत. पुढे शेत हातचे गेले. पण त्यांनी कुरकुर केली नाही, ही आठवण मुलाने जन्मभर जपली. वुडन पर्ड्यू विद्यापीठात नामवंत खेळाडू झाले, नंतर शाळांतून इंग्रजी शिकवू लागले आणि मुलांचे संघ तयार करू लागले. महायुद्धात नौदलात सेवा केली. १९४८ साली ते लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून रुजू झाले.

यापुढची आकडेवारी जगाला पाठ आहे. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे, त्यांतील सात सलग. आणि ओळीने ८८ सामन्यांत विजय. परंतु वाचकहो, १९४८ आणि १९६४ यांमधील अंतर मोजा. पहिले विजेतेपद त्यांना तेथील सोळाव्या हंगामात मिळाले. तोवर त्यांचा संघ तिसऱ्या मजल्यावरील जुन्या, कोंदट व्यायामशाळेत सराव करी. तीच जागा कुस्तीगीरही वापरत. सरावाआधी ती फरशी स्वतः वुडन विद्यार्थ्यांसह झाडून पुसून घेत. एखाद्या खेड्यातील मंडळीत सोळा वर्षे राबून ज्यांच्या वार्षिक अहवालात लिहिण्याजोगे काही नाही, अशा पाळकांनी व शिक्षकांनी ही वर्षे अवश्य ध्यानात घ्यावीत.

हंगामाच्या पहिल्याच दिवशी वुडन आपल्या खेळाडूंना काय शिकवीत? पायमोजे कसे घालावेत हे! देशातील निवडक, उंचेपुरे तरुण समोर बसलेले, आणि गुरुजी सांगत आहेत की टाचेजवळ सुरकुती राहू देऊ नका. सुरकुतीने फोड येतो आणि फोड आलेला खेळाडू बाकावर बसतो. कित्येकांना हसू येई. आपल्या प्रभूने कारभाऱ्याच्या दाखल्यानंतर जे सांगितले ते याहून निराळे नाही : मोठ्या ठेवीची पारख लहान ठेवीवरच होते.

यश म्हणजे आपल्याकडून शक्य तितके सर्व केल्याचे मनःसमाधान, अशी व्याख्या वुडन यांनी १९३४ साली केली होती. ती पुष्कळांना आवडते, आणि शाळेच्या भिंतीवर ती शोभेलही. तथापि ती सुवार्ता नव्हे. ज्याने सर्व केले तोही देवापुढे निरुपयोगी दासच ठरतो, आणि ज्याला काहीच साधले नाही त्याच्याही साठी वधस्तंभ उभा आहे. वुडन मंडळीचे सभासद होते, अटीतटीच्या सामन्यात लहानसा क्रूस मुठीत धरून बसत. हा भेद त्यांना उमगत असावा, असे मला वाटते.

त्यांचे चरित्र निष्कलंक रंगविणेही बरे नाही. त्यांच्या विद्यापीठाच्या खेळाडूंना सॅम गिल्बर्ट नावाचा एक धनाढ्य बांधकाम व्यावसायिक नियमबाह्य सवलती देत असे, हे पुढे उघडकीस आले, आणि १९८१ साली विद्यापीठाला शिक्षा झाली. तेव्हा वुडन निवृत्त होऊन सहा वर्षे लोटली होती व त्यांच्यावर ठपका आला नाही. तरी पायमोज्याची सुरकुती पाहणाऱ्या डोळ्यांना हे कसे दिसले नाही, हा प्रश्न उरतोच. जे आपण विचारले नाही त्याचाही हिशेब कारभाऱ्याला द्यावा लागतो.

मात्र ज्या घटनेपाशी वाचकांनी थांबावे असे मला वाटते, ती या सर्व कीर्तीच्या आधीची आहे. १९४६ साली वुडन इंडियाना स्टेट या लहानशा शिक्षक महाविद्यालयात गेले. पहिल्याच हंगामात संघ इतका चांगला खेळला की कॅन्सस सिटी येथील राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. अट एकच : कृष्णवर्णीय खेळाडू चालणार नाही. संघात क्लॅरेन्स वॉकर हा एकटाच तसा होता, आणि तोही राखीव खेळाडूंपैकी. त्याला घरी ठेवले असते तर संघाचे फारसे बिघडले नसते. बाकीच्यांना संधी मिळाली असती. नव्या प्रशिक्षकाचे नाव झाले असते. एकासाठी सर्वांचे नुकसान का करावे, हा युक्तिवाद किती शहाणपणाचा वाटतो! वुडन यांनी निमंत्रण नाकारले.

याकोब आपल्या पत्रात उपासनेला आलेल्या दोन माणसांचे उदाहरण देतो. एकाला मानाची जागा, दुसऱ्याला पायांजवळची. आपल्या मंडळ्यांतून ती पायांजवळची जागा गेली आहे काय? पंच निवडताना, सोयरीक जुळवताना, काही ठिकाणी तर दफनभूमीत खड्डा खणतानासुद्धा, पूर्वीची जात कोणती हे हळूच विचारले जाते. तसे विचारणारे दुष्ट नसतात. मंडळीत तंटा नको, इतरांचे मन मोडायला नको, एवढेच त्यांचे म्हणणे असते. कॅन्सस सिटीच्या निमंत्रणातही शिवीगाळ नव्हती. केवळ एक अट होती. आपल्या पुढील सभेत अशी अट विषयपत्रिकेवर येईल, किंवा न लिहिता सर्वांना समजेल, तेव्हा आपण काय कराल?

पुढल्या वर्षी, १९४८ मध्ये, निमंत्रण पुन्हा आले. इतरांनीही आवाज उठविला होता, आणि ती अट काढून टाकण्यात आली. वॉकर संघाबरोबर गेला व त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. अंतिम सामन्यात त्यांचा संघ लुइव्हिलकडून हरला.