आवडणारा सल्ला आणि मानवणारा सल्ला



योहानकृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात पवित्र आत्म्यासाठी 'पॅराक्लीतॉस' हा ग्रीक शब्द आला आहे. साहाय्यासाठी जवळ बोलावलेला, असा त्याचा मूळ अर्थ. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने त्याला 'सांत्वन करणारा' म्हटले, विसाव्या शतकातील काही इंग्रजी भाषांतरांनी 'समुपदेशक' म्हटले, हिंदीत तो 'सहायक' झाला, तर आपल्या मराठी शास्त्रात 'कैवारी'. हे शब्द शेजारी शेजारी मांडून बसले की माझ्या मनात एक प्रश्न उभा राहतो : दुःखाने खचलेल्या मनुष्याने यांपैकी नेमके कोणाला जवळ बोलवावे?

मी राहतो त्या भिलाईत हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी येथील पोलाद कारखान्याच्या कोक भट्टी विभागात वायुवाहिनीचा स्फोट होऊन दहाहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. अशा एकाच आघातातून किती निरनिराळी दुःखे जन्म घेतात, ह्याची कल्पना करा. कोणाला रात्री तोच आवाज ऐकू येतो व पाळीवर जाण्याची वेळ झाली की हातपाय गळतात. कोणी आपली पाळी बदलून घेतलेली असते. 'माझ्या जागी तो गेला' हा एकच विचार त्याला पोखरतो. कोणा विधवेला काहीच नको असते. कोणी न थांबवता ऐकून घ्यावे, एवढेच हवे असते.

ह्या तिघांना एकच उपाय कसा पुरावा? पहिल्याला भीतीशी टप्प्याटप्प्याने सामना करावयास शिकवणारा प्रशिक्षित तज्ज्ञ हवा. दुसऱ्याला ॲरन बेक ह्यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीचा उपयोग होईल. तीत मनातील विचार पुराव्याच्या कसोटीला लावून पाहतात. तिसरीला कार्ल रॉजर्स ह्यांनी पुरस्कारलेली वाट मानवेल. तीत समुपदेशक निवाडा न करता, मनापासून ऐकतो. घरातील बोलणेच तुटले असेल, तर सर्व कुटुंबाने एकत्र बसावे. आणि झोप, भूक व जगण्याची इच्छाच नाहीशी झाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे विनाविलंब जावे. तेथे औषध घेणे हे विश्वासाच्या दुबळेपणाचे लक्षण नव्हे.

परंतु येथेच नैतिक प्रश्न उद्भवतो. निवड करावयाची कोणी? दुःखी मनुष्याला जे आवडते, ते त्याला मानवतेच असे नाही. एखादे औषध कडू असून मानवते, एखादे गोड असून बाधते. अपराधाने व्याकूळ झालेल्याला 'तुझा काहीच दोष नाही' असे म्हणणारा आवडेल. दोष खरोखरच नसेल, तर ते सत्य त्याला मुक्त करील. पण त्याच्या हातून खरी हयगय झाली असेल, तर? मग तेच शब्द जखम वरून झाकतील; त्याला कबुली, भरपाई व क्षमा ह्यांची वाट दाखवणाराच हवा. उलट, निर्दोष मनुष्याला पश्चात्तापाचा उपदेश करणे हे ईयोबाच्या मित्रांचे पाप होय. सात दिवस ते मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते.

म्हणून मला वाटते, निवड दुःखी मनुष्याचीच असावी. पाळकाने वा नातलगाने ती लादू नये. मात्र त्याने स्वतःला 'मला काय बरे वाटेल?' एवढेच न विचारता, 'मी काय टाळीत आहे?' हेही विचारावे. कैवारी आपली बाजू घेतो, पण आपल्या प्रत्येक विचाराची बाजू घेत नाही.

एलीयाची कथा ह्या दृष्टीने पुन्हा वाचा. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवाने प्रथम उपदेश केला नाही. त्याला झोप, भाकर व पाणी मिळाले. मग होरेबापर्यंतची वाटचाल झाली; तेथे त्याचे गाऱ्हाणे दोनदा ऐकून घेतले गेले. त्यानंतरच 'मी एकटाच उरलो' ही त्याची समजूत सात हजारांचा उल्लेख करून दुरुस्त केली गेली, आणि अखेर अलीशाच्या रूपाने सोबती मिळाला. उपाय अनेक, आणि प्रत्येकाचा काळ वेगळा!

तेव्हा पहिल्याच भेटीत निःसंकोच विचारा : आपले शिक्षण कोणते? आपली पद्धत कशी? बोललेले गुप्त राहील काय? आमच्या सेक्टरांतून पाळक, शेजारी व सहकारी एकाच उपासनेला बसतात. तेथे हा शेवटचा प्रश्न मोठा असतो. कोणत्या भाषेत बोलता येईल, हेही पाहा. दिवसभर हिंदीत वावरणाऱ्याचे रडू पुष्कळदा मराठीतच फुटते. जवळपास कोणी नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध आहे.

काही भेटींनंतर स्वतःची परीक्षा करा. मी अधिक मोकळेपणाने काम करू, प्रेम करू, क्षमा मागू लागलो आहे काय? की केवळ पुढच्या भेटीची वाट पाहत आहे? दुसरे उत्तर आले, तर समुपदेशकाला ते सांगावे, आणि गरज पडल्यास समुपदेशक बदलावा. त्यात कृतघ्नता नाही. ज्याला जवळ बोलावले, त्याने आपल्याला पुन्हा स्वतःच्या पायांवर उभे करावे, ह्यासाठीच तर त्याला बोलावले होते.