न्यूरोस्पोरा: स्वावलंबी बुरशीची साक्ष

न्यूरोस्पोरा क्रासा ही उष्ण प्रदेशांत जळालेल्या झाडांच्या सालीवर आणि आगीतून गेलेल्या उसाच्या अवशेषांवर नारिंगी भुकटीसारखी पसरणारी बुरशी आहे. तिच्या गोत्रातील बुरशीने फ्रान्समधील बेकऱ्यांत घातलेल्या उपद्रवाची नोंद १८४३ मधील असली, तरी शिअर आणि डॉज यांनी न्यूरोस्पोरा ही प्रजाती स्थापन केली ती १९२७ मध्ये. तिचे लैंगिक बीजाणू धानी नावाच्या लांबट पिशवीत आठ-आठ ओळीने तयार होतात, आणि उष्णतेचा चटका मिळाल्याशिवाय ते सहसा रुजत नाहीत. वणव्यानंतर ती एकाएकी का उगवते, याचे उत्तर यातच आहे.

या बुरशीचे वैचारिक महत्त्व मात्र तिच्या दोन गुणांत आहे. तिच्या केंद्रकात गुणसूत्रांचा एकच संच असतो. मनुष्यात जनुकाची एक प्रत बिघडली तर दुसरी बहुधा तो दोष झाकते, तसे झाकणारे येथे कोणी नाही. दुसरा गुण म्हणजे तिचे विलक्षण स्वावलंबन: साखर, काही क्षार आणि बायोटिन हे एकच जीवनसत्त्व एवढ्यावर ती जगते आणि उरलेली जीवनसत्त्वे व सर्व अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, स्वतः घडवते.

स्टॅनफर्ड विद्यापीठात बीडल आणि टेटम यांनी क्ष-किरणांनी तिच्या जनुकांत बिघाड घडवून आणला, त्यातून मिळालेले एकेक बीजाणू प्रथम भरपूर पोषण असलेल्या माध्यमात वाढवले आणि नंतर त्यांची वाढ साध्या माध्यमात होते का, हे तपासले. २९९ क्रमांकाचा वाण साध्या माध्यमात थांबला आणि ब-६ जीवनसत्त्व घालताच वाढला. त्याची ही उणीव एकाच जनुकाप्रमाणे वारशाने उतरते, असे संकरांतून दिसले. जनुक हे विकराच्या, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या, द्वारे कार्य करते, या विचाराला १९४१ च्या या संशोधनाने प्रायोगिक आधार दिला आणि १९५८ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रयोगाचे मर्म तंत्रापेक्षा जीवाच्या निवडीत आहे, कारण जो जीव सर्व काही स्वतः करतो, त्याचीच एखादी क्षमता गेल्याचे चटकन उघड होते. क जीवनसत्त्व बनवणाऱ्या विकराचे जनुक मनुष्यात मोडक्या अवस्थेतच आहे, पण फळे आणि भाज्या ती उणीव रोज भरून काढतात, म्हणून ती स्कर्व्हीसारख्या आजारातच जाणवते. पुढे या विचाराचे ‘एक जनुक, एक विकर’ हे सूत्र अपुरे ठरले, कारण कित्येक प्रथिने अनेक जनुकांच्या साखळ्यांनी बनतात आणि काही जनुके प्रथिने घडवतच नाहीत. तरीही, बिघाड घडवून त्यावरून कार्य ओळखण्याची ही रीत जनुकशास्त्राच्या अत्यंत फलदायी रीतींपैकी एक ठरली आहे.