परका घास आणि त्याचं देणं

अमेरिकेत फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये एपकॉट नावाचं उद्यान १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडलं. त्याच्या एका भागात तळ्याच्या काठाने देश मांडले आहेत: मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा. मोरोक्को १९८४ साली आला, नॉर्वे १९८८ साली. बाकीचे पहिल्या दिवसापासूनचे. इमारती पाहायला लोक येतात हे खरं, पण पाय रेंगाळतात ते खाण्यापाशी. नॉर्वेच्या बेकरीत कस्टर्ड भरलेला आणि वर खोबऱ्याचा कीस लावलेला गोड पाव मिळतो, जपानकडे रंगीत पाक ओतलेला बर्फाचा चुरा, मेक्सिकोत टकिला. प्रत्येक देशात एकेक पेय घेत तळ्याला फेरी पुरी करायची, अशी हौशी लोकांची एक प्रथाच पडून गेली आहे. खाद्यमहोत्सवाच्या दिवसांत आणखी देशांचे ठेले लागतात. दोन-चार घासांच्या बश्या विकल्या जातात आणि कुठे काय खाल्लं याची नोंद करायला एक पुस्तिका हाती मिळते. तिला पासपोर्ट म्हणतात. यात कुणाचं काही बिघडत नाही आणि मुलं खूश असतात. तरीही या गंमतीच्या पोटात एक जुना धर्मप्रश्न आहे. परक्याचं अन्न तोंडात घातल्यावर खाणारा पूर्वीसारखाच राहतो का? त्याचं त्या परक्याशी काही नातं लागतं का?

या जागेवर सगळ्यात आधी घेतला जाणारा आक्षेप म्हणजे हे सगळं नकली आहे. तो मला फार वजनदार वाटत नाही. नट राम नसतो हे ठाऊक असूनही प्रेक्षकाला रस मिळतो, यावर तर आपलं सगळं काव्यशास्त्र उभं आहे. रसाची कल्पना समजावताना भरताने नाट्यशास्त्रात जेवणाचाच दृष्टान्त घेतला: नाना व्यंजनांनी सिद्ध झालेलं अन्न प्रसन्न मनाची माणसं जसं आस्वादतात, तसा प्रेक्षक भाव आस्वादतो. तेव्हा मोरोक्कोचा मनोरा माराकेशच्या कुतुबिया मशिदीच्या मनोऱ्याची प्रतिकृती आहे, म्हणून त्याच्या पायथ्याशी मिळणारा पदार्थ लबाड ठरत नाही. शिवाय तिथलं मोझेकचं काम राजे हसन दुसरे यांनी पाठवलेल्या मोरोक्कन कारागिरांनी केलेलं आहे. ती नक्कल म्हणायची तर फार निगुतीने केलेली नक्कल आहे. दुसरा आक्षेप घोटभर, घासभर प्रमाणाचा. एवढ्याशा चवीने काय कळणार? पण तळहातावरचं तीर्थ किती असतं? प्रसादाचा कण जेवणाच्या मापाने कुणी मोजत नाही. अन्न थोडं असलं म्हणून त्याचा अर्थ थोडा होत नाही. मग खोट आहे कुठे? ती शोधायला फ्लोरिडापेक्षा पुण्यात जाणं सोयीचं.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली नामवंत मंडळी जमली होती. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. मिशनऱ्यांनी चहा आणि बिस्किटं पुढे केली. काहींनी घेतली, काहींनी मान राखायला पेला हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव यांनी उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. घरच्या कार्याला भिक्षुक मिळण्याची पंचाईत झाली. आपण काशीला प्रायश्चित्त घेतलं आहे, असं टिळकांनी दाखवून दिलं. रानड्यांनी १८९२ साली, स्नेह्यांची कोंडी फुटावी म्हणून, प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांचे बोल सोसले. आज हे वाचताना हसू येतं. एका कपभर चहापायी दोन वर्षं शहर ढवळून निघावं! पण हसून झाल्यावर त्या सनातन्यांच्या युक्तिवादाचे दोन भाग वेगळे करून पाहावेत. परक्याच्या हातचं खाल्लं की खाणारा विटाळतो, हा त्यांचा निष्कर्ष. तो चूक होता, क्रूर होता आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांवर तो शतकानुशतकं ज्या रीतीने वापरला गेला, तिच्यापुढे पंचहौदाची कोंडी म्हणजे काहीच नव्हे. पण त्या निष्कर्षामागे एक गृहीतक होतं: परक्याच्या हातचं खाणं ही किरकोळ गोष्ट नाही, त्याने माणसांमधलं नातं बदलतं. हे गृहीतक चूक नव्हतं. सनातन्यांचे विरोधकही तेच धरून चालले होते. म्हणून तर सहभोजनं घडवून आणली गेली. म्हणून शिखांच्या लंगरात पंगतीला बसणं हा धर्माचाच भाग झाला. आपल्याकडच्या गोपाळकाल्यात प्रत्येकाची शिदोरी एकत्र कालवायची, मग आपली कोणती नि दुसऱ्याची कोणती हे ओळखू येऊ नये, यातही तोच विचार आहे. भांडण होतं ते नातं कोणतं, यावर. नातं लागतं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं.

एपकॉटच्या तळ्याकाठी निष्कर्षाबरोबर गृहीतकही पुसलं गेलं आहे, हे माझं म्हणणं आहे. अकरा देशांचं खाऊन माणूस बाहेर पडतो आणि अकरांपैकी एकाचंही देणं त्याच्या अंगावर नसतं. विटाळ नाही ते उत्तमच. पण ऋणही नाही. पैसे दिले, पावती मिळाली, हिशोब मिटला. परक्या अन्नातून नातं तेवढं अलगद काढून टाकून नुसती चव हाती ठेवण्याची ही किमया आहे. आणि अशी चव जिभेवर कितीही खरी उतरली, तरी तिला ओळख म्हणता येणार नाही.

यावर कुणी म्हणेल, मग हॉटेलात तरी काय वेगळं होतं? तिथेही पैसे टाकायचे आणि खायचं. बरोबर आहे, फारसा फरक नाही. पण जो आहे तो महत्त्वाचा आहे. गल्लीतला इराणी मुळात स्वतःच्या पोटासाठी तिथे आला, आपलं बस्तान त्याने बसवलं, गिऱ्हाईक पटलं नाही तर त्याला तो दारातून घालवू शकतो आणि वीस वर्षं येणाऱ्याला नावाने ओळखू शकतो. तो दुकानदार आहे, तसाच शेजारीही. एपकॉटमध्ये देशच दाखवण्याची वस्तू म्हणून मांडला आहे आणि मांडणारा कुणी तिसराच आहे. याचा सगळ्यात उघडा नमुना त्याच उद्यानातल्या क्लब कूल नावाच्या जागी सापडतो. १९९८ साली दुसऱ्या नावाने सुरू झालेली, २०१९ साली बंद होऊन २०२१ साली पुन्हा उघडलेली ही जागा. भिंतीला नळ, हातात इवलासा पेला, आणि देशोदेशीची शीतपेयं फुकट, हवी तितकी. इटली, मादागास्कर, मोल्दोव्हा अशा पाट्या लागत आल्या आहेत. देश इतके, पण मालक एकच. हे सगळे घोट कोका-कोला कंपनीचे. एकाच कंपनीने वेगवेगळ्या बाजारांसाठी काढलेल्या चवींना आपण देशांची नावं देतो आणि जग चाखलं असं समजतो.

तरी याच जागेने एक अपवादही दिला आणि तो मला सगळ्या तळ्यापेक्षा मोलाचा वाटतो. तिथलं इटलीचं पेय वर्षानुवर्षं बेव्हर्ली हे होतं. १९६९ साली इटलीत निघालेलं, जेवणाआधी भूक चाळवायला घ्यायच्या कडसर पेयांच्या कुळातलं. दिसायला पाण्यासारखं स्वच्छ. पहिल्या क्षणी जिभेला काहीच विशेष लागत नाही, मग घोट खाली उतरताना मागून कडवटपणा चढतो आणि तो जाता जात नाही. माहीतगार मंडळी नवख्याला मुद्दाम तो पेला देत आणि त्याचं तोंड कसं वाकडं होतं ते बघत उभी राहत. गोड पेयांच्या रांगेत हा कडूपणा चेष्टेचा विषय झाला. खरं तर तिथे नेमकी विचारायची गोष्ट समोर येई: हे कुणी आवडीने पीत असेल तर त्याची जीभ कशी घडली असेल? कारल्याची भाजी मिटक्या मारत खाणाऱ्या मराठी माणसाला तरी हा प्रश्न अवघड वाटू नये. बाकीचे सगळे पदार्थ पाहुण्याच्या जिभेला आधीच जुळवून घेतलेले असतात. इथे जिभेलाच जुळवून घ्यावं लागे. परक्याने आपल्याला क्षणभर नकार दिला, असा हा तिथला दुर्मीळ घोट. आणि लोक हसून पेला टाकत, पुढच्या नळाला लागत.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप मात्र वेगळा आहे. तळ्याकाठच्या देशांच्या दालनांमध्ये काम करणारे तरुण पुष्कळसे त्या-त्या देशांतूनच आणलेले असतात. छातीवरच्या बिल्ल्यावर त्यांचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. अशा सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी अमेरिकेने क्यू नावाचा वेगळा व्हिसा ठेवला आहे, जास्तीत जास्त १५ महिन्यांचा. मग यजमान नाही असं कसं म्हणता? म्हणता येतं, कारण याची परीक्षा परिस्थितीनेच घेतली. २०२० च्या महामारीत ही मंडळी मायदेशी परतली. एपकॉट त्याच वर्षी १५ जुलैला उघडलं आणि त्याच दिवसापासून खाद्यमहोत्सवही भरला. परदेशी तरुण पुन्हा येऊ लागले ते २०२२ साली. मधल्या काळात नॉर्वेत नॉर्वेचं कुणी नव्हतं आणि पाव विकला जात होता. ज्याच्या गैरहजेरीने घरातली पंगत अडत नाही, त्याला यजमान म्हणायचं कसं? तो बिचारा मनाने यजमान असेलही. आपल्या गावी हा पाव कधी खातात, आजी त्यात काय घालते, हे सांगायला त्याला आवडेलही. पण पदार्थ देण्याचा किंवा न देण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. जो नाही म्हणू शकत नाही, त्याच्या हो म्हणण्याला आतिथ्य म्हणत नाहीत. कांटने १७९५ साली शाश्वत शांतीवर लिहिताना परक्या भूमीवर पाऊल ठेवण्याचा हक्क प्रत्येक माणसाला दिला, पण पाहुणा म्हणून ठेवून घेतलं जाण्याचा हक्क दिला नाही. त्यासाठी घरच्यांची संमती लागते, असं त्याचं म्हणणं. एपकॉटमध्ये हा भेद उरतच नाही. तिकीट काढणारा प्रत्येक जण सगळीकडे आधीपासूनच पाहुणा असतो.

देशाचा देशपणा किती सहज गळून पडू शकतो, याचाही दाखला नॉर्वेच देतो. तिथे १९८८ पासून नॉर्वेच्या दंतकथांवर आणि समुद्रावर बेतलेली एक नौकाफेरी होती. २०१४ साली ती बंद झाली आणि २०१६ पासून तिथे ‘फ्रोझन’ या चित्रपटातली फेरी सुरू झाली, म्हणजे अॅरेंडेल या काल्पनिक राज्यातली. नॉर्वेच्या आत एक नसलेला देश आला, गोड पाव होता तिथेच राहिला. पलीकडे चीनचं दालन आहे. तिथली मुख्य वास्तू म्हणजे बीजिंगच्या स्वर्गमंदिराची छोटी प्रतिकृती. मूळ वास्तूत मिंग आणि चिंग सम्राट पीक चांगलं यावं म्हणून प्रार्थना करायला जात. एका अख्ख्या साम्राज्याने आपल्या अन्नाचं ऋण आकाशाकडे कबूल करण्याची ती जागा. तिची प्रतिकृती आता चित्रपटगृहाचं दार आहे आणि बाहेर खाण्याच्या बश्या हातात घेऊन माणसं सावली शोधत असतात. यात कुणी पाप केलं असं मला म्हणायचं नाही. पण अन्नाला मागे-पुढे काही असतं, ते कुणाच्या तरी हातून आणि कशाच्या तरी कृपेने येतं, ही जाणीव किती पातळ होऊ शकते याचं इतकं नेमकं चित्र दुसरीकडे मिळणं कठीण.

राहता राहिला तो सरळ माणसाचा प्रश्न: ज्यांना उभ्या आयुष्यात ओस्लो किंवा माराकेश दिसणार नाही, त्यांनी हेही करू नये का? जरूर करावं. सुट्टीवर आलेल्या कुटुंबाच्या बशीत तत्त्वज्ञानाने खडे टाकू नयेत. आणि जगाबद्दलची उत्सुकता अशा घासापासूनही सुरू होऊ शकते. एखादं मूल त्या पावापायी नॉर्वेजियन शिकेलही. माझा विरोध चाखण्याला नाही, चाखून झालं की कळलं असं मानण्याला आहे. फेरी पुरी करण्याची घाई, पुस्तिकेतली नोंद, अकरापैकी अकरा, हे सगळं तसं मानायला लावतं. अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी विघ्नं सांगितली आहेत. स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून राहणं हे त्यांतलं एक. आपण किती देश केले याचा आनंद हा स्वतःचाच आनंद असतो, त्यात समोरच्या पदार्थाला जागा उरत नाही.

त्या तळ्याकाठी भारताचं कायमचं दालन नाही, महोत्सवात कधी ठेला लागतो तेवढाच. अमेरिकेतली मराठी मंडळी मुलांना घेऊन तिथे जातात, तेव्हा आपलं दालन का नाही ही हळहळ ऐकू येणं स्वाभाविक आहे. ते उद्या झालंच, तर तिथली पुरणपोळी घरच्यासारखी झाली आहे का, एवढं बघून परत फिरू नका. ती वाढणाऱ्या पोरीला गिऱ्हाइकाच्या पानावर आणखी एक पोळी आपणहून, पैसे न घेता, आग्रहाने वाढण्याची मुभा आहे का, हे आधी विचारा. आणि तोवर नॉर्वेच्या दालनात गेलात, तर पाव घेताना बिल्ल्यावरचं गाव वाचा आणि त्या गावाबद्दल दोन शब्द विचारा. मागे रांग असेल, असू द्या.