अंधारात हाताला लागणारी दोरी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. ही कथा आपण अनेकदा ऐकली आहे. पृथ्वी, समुद्र, अजगर, पिंगला, बाण करणारा कारागीर. या यादीत कोणी शास्त्री-पंडित नाही. जिथे शिकण्यासारखे दिसले तिथे अवधूतांनी मनोमन नमस्कार केला. तोच धडा गिरवून आज मी तुमच्यापुढे एक वेगळाच माणूस ठेवणार आहे. पाण्याने भरलेल्या गुहेत शिरणारा पाणबुड्या!

तुम्ही म्हणाल, दत्तजयंतीच्या अंकात हे कुठून आले? जरा धीर धरा.

विहिरीत बुडी मारणाऱ्याचा दम संपला तर तो वर येतो. गुहेत वर खडकाचे छत असते. जिथून आत गेलो तिथूनच बाहेर यायचे, दुसरा रस्ता नाही. तळाशी बारीक गाळ असतो. पाय जरा जोरात हलला की तो उठतो, आणि मग हातातला दिवासुद्धा दिसत नाही. म्हणून हे लोक दारापासून एक दोरी सोडत आत जातात. डोळ्यांना दिसेनासे झाले तरी दोरी बोटांना लागते, तिच्या आधाराने बाहेर यायचे. दिवे एक नाही, तीन. आणि टाकीतल्या हवेचे तीन भाग करतात. एक भाग जाण्यासाठी, एक परत येण्यासाठी, आणि तिसरा अडचणीसाठी राखून ठेवायचा. मी बँकेत चौतीस वर्षे काढली. ठेवीतला काही भाग राखीव ठेवावाच लागतो हे आमच्या हाडात भिनलेले. त्यामुळे हा हिशोब वाचून मला फार आनंद झाला.

पण खरी गोष्ट श्वासाची आहे. माणूस घाबरला की भराभर, वरवरचा श्वास घेतो. आतला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, तो साठला की हवा पुरत नाही असे वाटते, म्हणून माणूस आणखी भराभर श्वास घेतो. टाकीत हवा असताना जीव गुदमरतो, आणि ती हवाही लवकर संपते. म्हणून त्यांना पहिला धडा असतो तो थांबण्याचा. आहे तिथे थांब, खडक धर, सावकाश श्वास सोड, मग विचार कर, मग हात-पाय हलव. आणि हा धडा ते डोळ्यांवर पट्टी बांधून आधी जमिनीवर, मग साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा गिरवतात.

आता एक घडलेली हकिगत सांगतो. स्पेनमधल्या मायोर्का बेटावर शिस्को ग्रासिया नावाचे भूगर्भशास्त्राचे शिक्षक आहेत. 15 एप्रिल 2017 रोजी ते गिलेम मास्कारो या जोडीदाराबरोबर तिथल्या एका पाण्याखालच्या गुहेत उतरले. परतताना पाहतात तो दोरी जागेवर नाही. गाळाने काही दिसेना. सुमारे तासभर चाचपडण्यात हवा खर्च झाली. तेव्हा ग्रासियांना आठवले की आत एके ठिकाणी छताखाली हवेची पोकळी आहे. दोघे तिथे पोचले. हिशोब केला, तर हवा एकालाच बाहेर जाण्यापुरती उरलेली!

इथे माझे मन फार वेळ थांबते. एकाच माणसाची हवा, आणि माणसे दोन. त्यांनी ठरवले ते असे : मास्कारो अंगाने सडपातळ, त्यांना हवा कमी लागते, म्हणून त्यांनी जायचे. ग्रासियांना गुहेतल्या जड हवेत श्वास घेण्याची सवय जास्त, म्हणून त्यांनी थांबायचे. घाबरलेल्या मनाला असा निवाडा सुचेल का हो?

ग्रासिया मागे राहिले. पाण्याचा वरचा थर पिण्याजोगा निघाला. एक सपाट खडक सापडला, त्यावर ते पडून राहिले. तीनपैकी दोन दिवे बंद पडलेले, तिसरा मंद. तो पाणी प्यायला खाली उतरताना किंवा लघवीपुरताच लावायचा. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे 5 टक्के होता. बाहेरच्या हवेत तो 0.04 टक्के असतो! डोके ठणकायचे, झोप येईना, नसलेले दिवे दिसू लागले. जोडीदार वाटेतच गेला असावा असेही मनात आले. तरी माणूस पडून राहिला, हालचाल कमी, श्वास कमी. अवधूतांचा अजगर आठवतो की नाही? मिळेल त्यावर राहायचे, न मिळाले तर निश्चल पडून राहायचे. मास्कारो सुखरूप बाहेर पोचले होते. सुमारे साठ तासांनी ग्रासियांनाही बाहेर काढण्यात आले.

आता कोणी म्हणेल, म्हणजे शांत राहिले की माणूस वाचतो. तसे मी म्हणणार नाही. शेक एक्स्ले नावाच्या अमेरिकन पाणबुड्याने अपघातांचा अभ्यास करून दोरीचे, राखीव हवेचे नियम 1979 साली पुस्तकात मांडले. कितीतरी जण त्या नियमांनी वाचले असतील. तो स्वतः 1994 साली मेक्सिकोत एका खोल पाणथळ विवरात बुडी मारताना गेला.

आणि लांब कशाला जायचे? 2021 च्या एप्रिलमध्ये मी अकरा दिवस कोविड वॉर्डात होतो. ऑक्सिजन 86 वर आलेला. मी मास्क ओढू लागलो की सिस्टर म्हणायच्या, "काका, घाई करू नका. पालथे व्हा, श्वास हळू सोडा." रोज आंघोळीनंतर दत्तनामाच्या तीन माळा करण्याची माझी सवय जुनी. त्या रात्री माळ नव्हती, मोजायचे भान नव्हते, पण श्वास सोडताना नाम आपोआप येत गेले आणि श्वास त्याच्या चालीवर लागला. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थही नामधारकच, माझ्यापेक्षा कितीतरी शांत. त्यांनी फोनवर मुलाला पासबुक कुठे, पावत्या कुठे हे नीट सांगितले, आईला सांभाळ म्हणाले. सिस्टरांचे आभार मानले. ते घरी गेले नाहीत. मी आलो.

मग नामाने त्यांना काय दिले? हा प्रश्न मी महाराजांपुढे अनेकदा ठेवला आहे. मला समजले ते इतकेच. वाचवणे, न वाचवणे हा महाराजांचा अधिकार. पण शेवटच्या घटकेपर्यंत आपले कर्तव्य सुचणे, समोरच्या माणसाची आठवण राहणे, हे त्या गृहस्थांना मिळाले होते. ते कमी नाही.

आपण नरसोबावाडीचे भक्त हे दरवर्षी पाहतो. पावसाळ्यात कृष्णामाई चढू लागते, पादुका पाण्याखाली जातात. कोणी आरडाओरडा करत नाही. उत्सवमूर्ती ठरल्या जागी वर नेतात, नित्याची सेवा तिथे चालू राहते. कुठे न्यायचे, कोणी न्यायचे, हे पाणी आल्यावर ठरवत नाहीत.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. आजार, कर्ज, घरातले मरण, जे यायचे ते सांगून येत नाही. गाळ उठल्यावर दोरी शोधू गेलो तर हाताला लागेलच असे नाही. आज घर शांत आहे, श्वास नीट चालला आहे, तेव्हाच ती सोडून ठेवावी. गुरुचरित्राचा सप्ताह सर्वांना जमतोच असे नाही. रोज एक ठराविक वेळ, एक माळ, प्रत्येक श्वास सोडताना एक नाम, इतके या जयंतीपासून धरावे. मन लागले नाही तरी चुकवू नये. पट्टी बांधून सराव करणाऱ्याला तरी कुठे रोज गोडी वाटत असेल!

महाराजांनी आपणा सर्वांचा हात धरून ठेवावा, आणि आपल्या हातून दोरी सुटू देऊ नये, हीच जयंतीच्या दिवशी त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥